टॅक्स कमी केला, चहा स्वस्त झाला, तरी बोस्टनवाले का उठले?

परवा क्लास सुटल्यावर एका पोरानं मला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "मॅडम, १७७३ च्या कायद्यानं अमेरिकेत चहा स्वस्त झाला होता, तिथले लोक स्वतः इंग्रजच होते, इंग्लंडातल्या माणसापेक्षा टॅक्सही कमी भरत होते, मग राजाविरुद्ध काऊन उठले? एवढ्याशा टॅक्ससाठी कोणी स्वातंत्र्य मागते का?" जिन्यात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सांगितलं होतं की लिहून पाठवते. हे ते उत्तर, थोडं लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

नागपुरात इतिहास शिकवायला लागून मला २६ वर्षं झाली, आधी कॉलेजात आणि आता जास्त करून एमपीएससी-यूपीएससीच्या पोरापोरींना, आणि हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारावा असं मला मनापासून वाटतं पण फार कमी जण विचारतात. कारण गाइडमध्ये 'जाचक कर' असे दोन शब्द छापलेले असतात, ते पाठ केले की मार्क मिळतात आणि विषय संपतो. पण जाचक म्हणजे किती? आकडे काढून बघितले तर जाच दिसतच नाही. स्टॅम्प ड्यूटी इंग्लंडात १६९४ पासून चालू होती, तिथला माणूस अमेरिकेतल्या माणसाच्या कितीतरी पट टॅक्स भरत होता आणि तो काही बंदूक घेऊन रस्त्यावर आला नव्हता. म्हणजे तुझी शंका बरोबर जागी आहे, फक्त तू पैशाचा आकडा बघतोयस आणि तिथे बघायची गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे तो आकडा ठरवायचा कोणी.

त्याआधी एक शब्दाचा घोळ काढू दे, पेपर तपासताना मला हा घोळ शेकडो वेळा दिसलाय. वसाहतवादी, वसाहतकार आणि वसाहतीतली प्रजा, हे तीन वेगळे आहेत. वसाहतवादी म्हणजे दुसऱ्याचा देश ताब्यात ठेवणारी सत्ता किंवा तसं धोरण मानणारा माणूस. वसाहतकार म्हणजे मूळ देशातून उठून नव्या जमिनीवर जाऊन राहिलेला, व्हर्जिनियातला तंबाखू पिकवणारा इंग्रज किंवा मेक्सिकोत जन्मलेला स्पॅनिश माणूस. आणि वसाहतीतली प्रजा म्हणजे आपण, बंगालचा विणकर, वऱ्हाडचा कापूसवाला. आपण दुसऱ्याच्या राज्याखाली आलो, वसाहतकार मात्र आपल्याच राजाचं राज्य सोबत घेऊन गेला होता. तुझा प्रश्न वसाहतकाराबद्दल आहे आणि म्हणूनच तो अवघड आहे, कारण गुलाम केलेला माणूस का उठतो हे सांगावं लागत नाही, पण घरचाच माणूस घरातून का निघतो हे सांगावं लागतं.

आता आपल्याकडचं एक उदाहरण घे. समज नागपूरला महालात मोठा भाऊ राहतो आणि धाकटा काटोलकडे वावर सांभाळतो. जमीन कागदावर घराण्याची, मोठ्याच्या नावावर. पण ३०-४० वर्षं धाकट्यानंच विहीर खोदली, संत्र्याची झाडं लावली, आंबिया बहार कधी धरायचा, माल कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा, मजुरी किती, सगळं त्यानंच ठरवलं. मोठा दिवाळीला यायचा, दोन पेट्या संत्री घेऊन जायचा, हिशोब कधी मागितला नाही. मग शेजाऱ्यासोबत धुऱ्यावरून भांडण झालं, केस सात वर्षं चालली, मोठ्यानं कर्ज काढून केस लढली आणि जिंकली. आणि जिंकल्यावर तो म्हणतो, की तुझ्याच धुऱ्यासाठी लढलो ना, आता कर्ज फेडायला तूही हातभार लाव. इथपर्यंत मोठ्याचं म्हणणं चूक आहे का? नाही. पण तो धाकट्याला बोलावून बसवून विचारत नाही, तो दिवाणजी पाठवतो, दिवाणजी परस्पर व्यापाऱ्याकडून पैसे कापून घेतो, आणि वरून चिठ्ठी येते की रक्कम छोटी आहे म्हणून कुरकुर करू नको, जमीन माझी आहे, मला वाटेल तेव्हा वाटेल ते ठरवीन. धाकट्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळतं की आपण मालक नव्हतोच, आपण इथे ठेवलेले होतो. ती रक्कम दहा रुपये असो की दहा हजार, त्या रात्री त्याला झोप येत नाही.

हे उदाहरण मी वर्गात नेहमी देते कारण अमेरिकेतला प्रकार जवळजवळ याच क्रमानं घडला. १६१९ साली व्हर्जिनियात पहिली निवडून दिलेली सभा भरली, म्हणजे १७६५ पर्यंत जवळपास दीडशे वर्षं हे लोक आपले स्थानिक टॅक्स आपण ठरवत होते. लंडन समुद्रापलीकडे, जहाजाला सहा-आठ आठवडे लागायचे, पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत तीन-चार महिने जायचे, त्यामुळे कायदे कागदावर होते पण रोजचा कारभार तिथलाच. बऱ्याच वसाहतींत राजानं पाठवलेल्या गव्हर्नरचा पगारसुद्धा तिथलीच सभा मंजूर करायची, म्हणजे गव्हर्नर फार अंगावर आला की पगार अडवायचा. ही केवढी मोठी ताकद आहे! खजिन्याची किल्ली ज्याच्या हातात त्याच्या हातात राज्य, हे त्या लोकांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही, रोजच्या सवयीतून माहीत होतं. ब्रिटिश खासदार एडमंड बर्कनं १७७५ साली पार्लमेंटमधल्या भाषणात हेच सांगितलं, की आपण या लोकांकडे दुर्लक्ष केलं म्हणूनच त्या वसाहती एवढ्या वाढल्या. व्यापारावर बंधनं होती, नाही असं नाही, १७३२ चा टोप्यांचा कायदा, १७५० चा लोखंडाचा कायदा, अमुक माल बनवू नका, तमुक दुसरीकडे पाठवू नका. पण व्यापाराचं नियमन आणि खिशातून पैसा काढणं यात ते लोक फरक करायचे, पहिलं त्यांनी चालवून घेतलं होतं.

मग ब्रिटन आणि फ्रान्समधलं सात वर्षांचं युद्ध. अमेरिकेत ते १७५४ लाच पेटलं होतं, १७६३ ला संपलं, फ्रेंचांची सत्ता कॅनडातून गेली. ब्रिटनचं कर्ज या युद्धात जवळपास दुप्पट झालं. एक गोष्ट पोट्ट्यांच्या नजरेतून सुटते ती ही, की फ्रेंच गेले म्हणजे वसाहतकारांची भीतीही गेली. शेजारी दांडगा असेपर्यंत धाकट्याला मोठ्या भावाची गरज असते. केस जिंकली त्या दिवशी मोठ्याला वाटलं आता हा माझा ऋणी झाला, आणि धाकट्याला वाटलं आता मला कोणाची गरज नाही. दोघांनी एकाच विजयाचे दोन अर्थ काढले आणि पुढची बारा वर्षं त्याच दोन अर्थांची भांडणं चालली.

आता टॅक्सकडे ये. १७६४ चा साखर कायदा बघ, गाइडमध्ये याला 'कर वाढवला' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय आणि मळीच्या बाबतीत ते चूक आहे. मळीवरचा कर गॅलनला ६ पेन्स होता तो ३ पेन्स केला, अर्धा! पण जुना कर कोणी भरतच नव्हतं, व्यापारी कस्टमवाल्याला थोडे देऊन माल काढून घ्यायचे. नवा कर अर्धा होता पण खरंच वसूल होणार होता, नौदल गस्त घालणार, आणि पकडलं तर खटला नौदलाच्या कोर्टात, जिथे ज्यूरी नाही. आपल्या गावच्या बारा माणसांसमोर न्याय मिळणं हा इंग्रज माणसाचा जन्मसिद्ध हक्क अशी त्यांची पक्की समजूत होती आणि तो हक्क एका कलमानं गेला. त्यामुळे तू जेव्हा म्हणतोस टॅक्स कमी केला होता, तेव्हा मी म्हणते बरोबर, आणि त्याच कायद्यानं काय काढून घेतलं तेही बघ.

१७६५ चा स्टॅम्प कायदा तर मला राजकीय अडाणीपणाचा नमुना वाटतो. वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, परवाने, पंचांगं, पत्त्यांचे जोड, फासे, सगळ्यावर स्टॅम्प, आणि पैसे भरायचे इंग्लंडच्या नाण्यात, जे तिथे मिळणंच कठीण. हा कर सगळ्यात जास्त कोणाला लागला? वकील, छापखानेवाले, पेपरवाले, व्यापारी, गुत्तेवाले. म्हणजे ज्यांना लिहिता येतं, ज्यांना बोलता येतं आणि ज्यांच्याकडे संध्याकाळी गाव जमतं नेमके तेच. शेतकऱ्यावर टॅक्स लावला असता तर कदाचित दहा वर्षं आवाज आला नसता, इथे पहिल्या महिन्यापासून आवाज. ऑगस्ट १७६५ मध्ये बोस्टनला स्टॅम्प विकायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला, त्यानं काम सोडलं, आणि नोव्हेंबरात कायदा लागू व्हायच्या दिवशी बहुतेक वसाहतींत स्टॅम्प विकायला माणूसच उरला नव्हता. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कला ९ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले. हे फार महत्त्वाचं आहे कारण त्याआधी मॅसॅच्युसेट्सवाल्याला व्हर्जिनियावाला परकाच होता, दोघांचं नातं लंडनशी, एकमेकांशी नाही. एकमेकांची ओळख करून दिली ती या कायद्यानं.

ब्रिटिशांनी मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला. इथेच थांबले असते तर? पण त्याच दिवशी दुसरा कायदा केला, की वसाहतींवर कुठल्याही बाबतीत कायदा करायचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. म्हणजे पैसे परत दिले आणि चिठ्ठी तशीच ठेवली. लोकांनी आधी फटाके उडवले, ती चिठ्ठी नंतर वाचली.

'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' ही घोषणा तुला पाठ आहे, पण समोरच्याचं उत्तर काय होतं ते कधी शिकवलं जात नाही. ब्रिटिश म्हणायचे की मँचेस्टर, बर्मिंगहॅम या शहरांचाही खासदार नाही, तरी पार्लमेंट सगळ्या साम्राज्याचा विचार करते, तसंच तुमचंही प्रतिनिधित्व आहेच असं समजा. अमेरिकेतल्या माणसाचं उत्तर सोपं होतं. जो खासदार तिथे टॅक्स लावतो त्याला तो स्वतःलाही आणि स्वतःच्या शेजाऱ्यालाही भरावा लागतो, आमच्यावर लावलेला टॅक्स तर त्याचा स्वतःचा भार हलका करतो, मग तो आमचा प्रतिनिधी कसा? मला हा युक्तिवाद त्या सगळ्या भांडणातला सगळ्यात मजबूत वाटतो, आणि परीक्षेत लिहायचा असेल तर हाच लिही.

१७६७ ला ब्रिटनचा अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडनं काच, कागद, शिसं, रंग, चहा यांवर आयातकर लावला. रक्कम बघू नको, तो पैसा जाणार कुठे होता ते बघ, गव्हर्नर आणि न्यायाधीशांच्या पगाराला! म्हणजे मघाशी सांगितलेली ती किल्ली काढून घ्यायचा बेत. बहिष्कार सुरू झाला, बायकांनी घरी सूत कातून कपडा विणायला घेतला (हे वाचताना मला नेहमी आपल्या पवनारचा चरखा आठवतो, दीडशे वर्षांचं अंतर आणि युक्ती तीच). बोस्टनमध्ये सैन्य आणलं, ५ मार्च १७७० ला गोळीबारात ५ माणसं गेली. मग बाकीचे कर काढले आणि चहावरचा तेवढा ठेवला, पौंडाला ३ पेन्स, मुद्दाम, अधिकार आहे हे दाखवायला.

आणि आता तुझा चहा. इथे अमेरिकेचा इतिहास आणि आपला इतिहास एकाच गोदामात येऊन बसतात. ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली होती, लंडनमध्ये चहा विकल्याविना पडून होता. बंगालात १७७० ला भयंकर दुष्काळ पडला होता, लाखो माणसं मेली होती, तरी कंपनी सारा वसूल करत होती, आणि एवढं लुटूनही तिचा हिशोब जुळत नव्हता. सरकारनं १७७३ मध्ये तिला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि बदल्यात लगाम घातला, तोच आपल्या सिलॅबसमधला रेग्युलेटिंग अॅक्ट, ज्यानं वॉरेन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला. आणि त्याच वर्षी, तिचा साठलेला चहा खपावा म्हणून चहाचा कायदा. तुम्ही पोरं एक कायदा आधुनिक भारतात वाचता आणि दुसरा जागतिक इतिहासात, दोन वेगळ्या वह्यांत, आणि दोन्ही एकाच कंपनीला वाचवायला केलेले आहेत हे कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

कायद्यानं कंपनीला इंग्लंडात भरलेली ड्यूटी परत मिळणार होती आणि अमेरिकेत ठरावीक एजंटांमार्फत थेट विकायची परवानगी मिळाली. चहा चोरट्या डच चहाच्याही खाली येऊ शकत होता. पण ३ पेन्सचा कर तसाच. म्हणजे स्वस्त चहा प्यायचा आणि पिता पिता कर कबूल करायचा. शिवाय एजंट कोण, तर बोस्टनमध्ये गव्हर्नर हचिन्सनची दोन मुलं त्यात होती. बाकीच्या व्यापाऱ्यांचं काय? आज चहा, उद्या दुसरं काही, एका कंपनीच्या हातात सगळा बाजार. पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सननं त्या वर्षी लिहिलेल्या पत्रात बंगालच्या दुष्काळाचाच दाखला दिलाय, की या कंपनीनं आशियात काय केलं ते बघा, आता ती इकडे येते आहे. बंगालात मेलेल्या माणसांची बातमी बोस्टन-फिलाडेल्फियापर्यंत गेली होती! १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या चहा समुद्रात गेला. चहा महाग होता म्हणून फेकला नाही, स्वस्त होता म्हणून फेकला, कारण तो किनाऱ्यावर उतरला असता तर लोकांनी घेतलाच असता आणि हे फेकणाऱ्यांना चांगलं माहीत होतं.

सरकारनं उत्तर दिलं ते १७७४ चे जाचक कायदे, आणि इथे 'जाचक' शब्द खरंच शोभतो. बोस्टनचं बंदर बंद. मॅसॅच्युसेट्सचं कौन्सिल निवडायचं बंद, राजा नेमणार. गावसभा वर्षातून एकदाच, जास्त घ्यायची तर गव्हर्नरची परवानगी. ज्या शेतकऱ्याला चहाशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याची गावातली बैठक बंद झाली. आंदोलन बोस्टनच्या धक्क्यावरून खेड्यात कसं पोचलं याचं उत्तर माझ्या मते या एका कलमात आहे.

पण अजूनही, लक्षात घे, स्वातंत्र्य कोणी मागत नाहीये. हे मी वर्गात दोनदा सांगते. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला १२ वसाहती जमतात आणि मागणी काय, तर १७६३ च्या आधी जसं होतं तसं करा. एप्रिल १७७५ ला बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैन्याशी चकमक होऊन गोळी चालते, माणसं मरतात, आणि त्यानंतर जुलैमध्ये हेच लोक राजाला अर्ज लिहितात की आम्ही तुमची निष्ठावंत प्रजा, तुम्ही पार्लमेंटला आवरा. तिसऱ्या जॉर्जनं अर्जाकडे बघितलं नाही आणि ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर जाहीर केलं. तोपर्यंत त्यांची सगळी आशा राजावर होती, पार्लमेंट वाईट पण राजा बापासारखा. ती आशा गेली तेव्हा जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनची छोटी पुस्तिका आली, तिनं पहिल्यांदा साध्या भाषेत विचारलं की मुळात राजा लागतो कशाला. पेन स्वतः इंग्लंडातून येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेला माणूस. सहा महिन्यांत ४ जुलै, स्वातंत्र्याचा जाहीरनामा. तो वाचशील तर त्यातल्या तक्रारी राजाच्या नावानं आहेत, कारण तुटायचं राहिलेलं नातं तेवढंच होतं.

माणसांच्या पातळीवर हे अजून स्पष्ट दिसतं. जॉर्ज वॉशिंग्टनला तरुणपणी ब्रिटिश सैन्यात राजाचं कमिशन, म्हणजे अधिकारीपद, हवं होतं, मिळालं नाही, वसाहतीतल्या कर्नलनं राजाचं कमिशन असलेल्या कॅप्टनचंही ऐकावं असली परिस्थिती होती आणि ही रँकची तक्रार घेऊन तो १७५६ ला घोड्यावर बोस्टनपर्यंत गेला होता. बेंजामिन फ्रँकलिन तर लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिला, त्याला साम्राज्य टिकायला हवं होतं, मनापासून. जानेवारी १७७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळासमोर, त्याला उभं करून तासभर जाहीर अपमान केला, बसलेले लॉर्ड हसत होते, हा एक शब्द बोलला नाही. पुढच्या वर्षी तो घरी परतला तो वेगळा माणूस होऊन. त्याचा मुलगा विल्यम न्यूजर्सीचा गव्हर्नर होता, तो राजाच्या बाजूनं राहिला आणि बापलेकांचं नंतर कधी जुळलं नाही. आता मोज बरं, यात टॅक्स किती आणि मान किती. स्वतःला बरोबरीचा समजणाऱ्या माणसाला तू दुय्यम आहेस हे वारंवार जाणवून दिलं की तो आधी अर्ज करतो, मग भांडतो आणि शेवटी वाटणी मागतो. वाटणी पहिल्या दिवशी कोणी मागत नाही.

आता या उत्तराची दुसरी बाजू, आणि ती सोडून दिली तर मी तुला अर्धवट शिकवलं असं होईल. अमेरिकेत आणि बेटांवर मिळून ब्रिटनच्या वसाहती कितीतरी होत्या, त्यातल्या तेराच उठल्या. बाकीच्या का नाही उठल्या? जमैकाचे मळेवाले स्टॅम्प कायद्यावर नाराज होतेच की. पण जमैकात दहात नऊ माणसं गुलाम होती, १७६० ला तिथे गुलामांचा मोठा उठाव होऊन गेला होता, आणि मळेवाल्याला रात्री झोप लागायची ती ब्रिटिश सैन्य आहे म्हणून. वरच्याच्या जुलमापेक्षा खालच्याची भीती जास्त असेल तर माणूस स्वातंत्र्य मागत नाही, हे सूत्र लिहून ठेव, दक्षिण अमेरिकेत परत लागणार आहे. क्वेबेकचे फ्रेंच कॅथलिकही गप्प राहिले, क्वेबेकसाठी केलेल्या १७७४ च्या वेगळ्या कायद्यानं त्यांचा धर्म सांभाळला होता. आणि त्या तेरांतही सगळे एका बाजूला नव्हते, हजारो राजनिष्ठ कुटुंबं युद्धानंतर घरदार सोडून कॅनडात, इंग्लंडात गेली.

शिवाय स्वातंत्र्य कोणाचं? १७६३ च्या राजाच्या जाहीरनाम्यानं अॅपलेशियन डोंगरापलीकडे वसाहत करायला बंदी घातली होती, ती तिथल्या मूळ रहिवाशांशी रोज लढाई नको म्हणून. वसाहतकारांना ती बंदी टोचत होती कारण त्यांना ती जमीन हवी होती, वॉशिंग्टनलाही. म्हणजे एका बाजूला आमची मालमत्ता आमच्या संमतीशिवाय घेऊ नका, आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची जमीन. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नर डनमोरनं जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूनं लढतील ते मुक्त, आणि अनेक मळेवाले त्या दिवसापासून पक्के क्रांतिकारक झाले. हे कडू आहे पण खरं आहे, आणि हे लिहिल्यानं त्यांचा प्रतिनिधित्वाचा मुद्दा खोटा ठरत नाही, दोन्ही एकत्र डोक्यात ठेवता आलं पाहिजे.

स्पॅनिश अमेरिका थोडक्यात. तिथे जन्मलेल्या गोऱ्याला क्रिओलो म्हणायचे, स्पेनहून आलेल्याला पेनिन्सुलार. रक्त तेच, भाषा तीच, पण वरच्या जागा स्पेनहून आलेल्याला. अठराव्या शतकात राजानं कारभार घट्ट करायला घेतला, कर वाढवले, १७६७ ला जेझुइट नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाला हाकललं. तरी क्रिओलो लगेच उठले नाहीत, कारण १७८० ला पेरूत तुपाक अमारूच्या नावाखाली मूळ रहिवाशांचा प्रचंड उठाव झाला आणि १७९१ पासून हैतीत गुलामांनी मळे पेटवले. तीच खालच्याची भीती. १८०८ ला नेपोलियननं स्पेनचा राजाच पकडला तेव्हा प्रश्न आला की आता ऐकायचं कोणाचं, आणि तिथून गाडी सुटली, १८१० ला मेक्सिकोत हिदाल्गो, दक्षिणेत बोलिव्हार. केंद्र आवळायला लागलं की राग जमतो आणि केंद्र ढिलं पडलं की तो बाहेर येतो.

शेवटचा भाग आपला. यॉर्कटाउनला ऑक्टोबर १७८१ मध्ये ज्यानं वॉशिंग्टनसमोर हार पत्करली तो कॉर्नवॉलिस १७८६ ला कलकत्त्याला गव्हर्नर जनरल म्हणून उतरला, तोच कायमधाऱ्याचा, म्हणजे बंगालात जमिनीचा सारा कायमचा ठरवून देणारा. इथे त्यानं वरच्या नोकऱ्यांतून भारतीयांना बाहेर ठेवलं, १७९१ ला भारतीय आयांच्या पोटी जन्मलेल्या गोऱ्यांच्या मुलांनाही कंपनीच्या मुलकी आणि लष्करी जागा बंद झाल्या. युरोपियनांना इथे जमीन घेऊन मोकळेपणानं वसायला १८३३ पर्यंत परवानगी नव्हती, आणि विरोध करणारे अमेरिकेचं नाव घेऊन सांगायचे की दुसरी अमेरिका नको. कॅनडाला मात्र १८३९ च्या डरहॅमच्या अहवालानंतर हळूहळू जबाबदार सरकार, म्हणजे तिथल्याच निवडून दिलेल्या सभेला उत्तर देणारं सरकार, मिळालं.

आता आपले सुशिक्षित लोक बघ. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीनं नोकऱ्यांत वंश-धर्माचा भेद करणार नाही असं म्हटलं होतं, त्यावर त्यांचा विश्वास होता. १८७४ ला सुरेंद्रनाथ बॅनर्जींना आयसीएसमधून, म्हणजे वरच्या सरकारी नोकरीतून, काढलं, मग परीक्षेचं वय २१ वरून १९ वर आणलं, १८८३ ला भारतीय न्यायाधीशांना गोऱ्यांचे खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट बिलावर गोऱ्यांनी रान पेटवलं. आणि नागपूरचं उदाहरण हवं असेल तर एम्प्रेस मिल घे, १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी सुरू झालेली, म्हणून ते नाव. १८९६ ला इंग्लंडातल्या लँकेशायरच्या (मँचेस्टरच्या भागातल्या) गिरणीवाल्यांच्या दबावाखाली देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. साडेतीन टक्के! रक्कम छोटीच होती, पण विदर्भाचा कापूस, नागपूरचा मजूर, आणि कर कोणाच्या सोयीनं, तर मँचेस्टरच्या. तरीही १९०६ ला दादाभाई नौरोजी कलकत्त्याच्या व्यासपीठावरून स्वराज्य मागतात ते कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या वसाहतींना आहे तसं, साम्राज्यात राहूनच. आपण वसाहतकार नव्हतो, आपली लूट आणि आपली गुलामी वेगळ्या जातीची होती, हा फरक पुसू नको, पण पायऱ्या ओळखीच्या आहेत ना?

ती पायरी बदलली ती आपल्या गावात. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसनं आपलं ध्येयवाक्यच बदललं, साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे शब्द गेले आणि सनदशीर मार्गाच्या जागी शांततामय व न्याय्य मार्ग आले. जिनांनी तिथेच विरोध केला आणि ते काँग्रेसमधून गेले. साम्राज्यात की साम्राज्याबाहेर, हा प्रश्न तेव्हा उघडा ठेवला होता, लाहोरला १९२९ मध्ये पूर्ण स्वराज्याच्या ठरावानं तो बंद झाला. आणि मधे १९२३ चा झेंडा सत्याग्रह, इथल्याच सिव्हिल लाइन्समधून तिरंगा घेऊन जायला बंदी, जमनालाल बजाज तुरुंगात, मग सरदार पटेलांनी सूत्रं घेतली, गावोगावचे लोक येऊन अटक करून घेत होते, ऑगस्टपर्यंत. त्या झेंड्यात एक पैशाचाही टॅक्स नव्हता.

तर पुढच्या शनिवारी येताना एक काम करून ये. १७७६ च्या जाहीरनाम्यातल्या तक्रारी एका कागदावर उतरव, २७ आहेत, आणि प्रत्येकीसमोर लिही की ही पैशाची की ठरवायच्या हक्काची. संमतीशिवाय कर लावला ही तक्रार कितव्या नंबरला येते ते बघ, आणि शेवटची तक्रार कोणाच्या विरोधात आहे तीही नीट वाच, आपण त्या दोनांपासून सुरू करू.